रुमानियाच्या बाईची रंगीत तालीम

आमच्या नाटकातला नायक दुसऱ्या अंकाच्या शेवटी विष पिऊन कोसळतो. संहितेत कोसळतो, असं म्हणायला हवं. प्रत्यक्षात तो आधी मागे वळून गादी कुठे आहे ते बघायचा, मग एक हात जमिनीवर टेकवायचा, मग "आई गं" म्हणत खाली बसायचा आणि शेवटी लोडाला टेकावं तसा सावकाश आडवा व्हायचा. माणूस पुण्याचा, आयटीतला, राहायला दुबईत, अल बर्शाला. संवाद चोख, आवाज खणखणीत, पण पोट सुटलेलं आणि मरायची भीती.

"परत घे," मी ओरडत होते. "तू विष प्यायलायस, दुपारचं जेवून वामकुक्षीला निघालेला नाहीस!"

"ताई, माझी कंबर!"

"तुझी कंबर पहिल्या रांगेतल्या लोकांना दिसत नाही. मरण दिसतं. परत!"

दिग्दर्शक मी. दुबई-शारजा-अजमानकडच्या हौशी मराठी मंडळींची नाटकं कित्येक वर्षं मीच बसवते आहे, आणि हे मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही म्हणून सांगून टाकते. तालमी शारजाला, अल मजाजमधल्या आमच्याच टॉवरच्या पार्टी हॉलमध्ये होतात. राहणाऱ्यांना हॉल फुकट मिळतो आणि इमारतीचा नातूर, म्हणजे आपला वॉचमन, माझ्या पोह्यांना फितूर आहे.

त्या शनिवारी नायकाचं मरण बराच वेळ चाललं होतं. इतक्यात दार उघडलं आणि एक उंच, काटक बाई आत आली. ट्रॅकसूट, केस घट्ट मागे बांधलेले, पाठ अशी ताठ की आम्ही सगळेच नकळत सरळ बसलो. मला वाटलं, झालं, आवाजाची तक्रार आली. पण ती चिडलेली नव्हती, कोड्यात पडलेली होती.

"व्हाय सेम, सेम, सेम?" तिने विचारलं.

"रिहर्सल," मी म्हणाले. तिला कळेना. मी हातवारे केले: पडदा, प्रेक्षक, टाळ्या, पुन्हा तेच, पुन्हा तेच. तिचा चेहरा उजळला.

"आ! रेपेतीत्सिए!"

"तालीम," मी ठणकावलं. कोणी आपला शब्द पुढे केला की मी माझा मागे ठेवत नाही.

तिने जमिनीवरच्या आयटीवाल्याकडे बोट केलं. "ही डाय?"

"ट्राइंग," मी म्हणाले.

ती हॉलच्या मधोमध आली. तिने घशाला हात लावला, डोळे फिरवले आणि कोसळली. गुडघा, मांडी, खांदा, आणि खलास. आवाजसुद्धा नाही. आमच्यातली एक जण खरोखर किंचाळली. मग मेलेली बाई टुणकन उठली, आयटीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "नो फिअर. आय टीच." आणि तासाभरात तिने त्याला असा मारला की मी त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणलं.

ती मूळची रुमानियाची, राहायला आमच्याच टॉवरमध्ये. लहानपणापासून जिम्नॅस्टिक्समध्ये वाढलेली, आणि आता आमच्या घरापासून जवळच असलेल्या एका क्लबात मुलांना शिकवायला आलेली असिस्टंट कोच. हे सगळं चहा पिता पिता कळलं. आणि चहा संपायच्या आत तिची खरी अडचणही कळली. क्लबातली मुख्य कोच नोकरी सोडून मायदेशी निघाली होती. मालकीणबाई जॉर्डनच्या, कडक पण सरळ. त्या हिला म्हणाल्या होत्या, तुझ्या कामात खोट नाही, पण आईबापांची तक्रार आहे की तू काय बोलतेस ते कळत नाही. महिन्याअखेरीस सगळ्या पालकांसमोर एक तास पूर्ण इंग्रजीत घे. जमलं तर मुख्य कोच तू. नाहीतर तुझा करार पुढे वाढवता येणार नाही, हबीबती, खलास.

"माय बॉडी नो इंग्लिश," ती हळूच म्हणाली. "ओन्ली माउथ लिटल."

मी छातीवर हात ठेवला. प्रकाशझोत असता तर तो त्या क्षणी माझ्यावर पडला असता. "मी शिकवेन," मी म्हणाले. "तू आमच्या माणसाला मरायला शिकवलंस. मी तुला बोलायला शिकवते."

*

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागली. मी पिवळ्या चिठ्ठ्या आणल्या. वरती इंग्रजी, मध्ये रुमानियन, खाली मराठी. मराठी कशाला, असं माझ्या लेकीने विचारलं. अर्थात इंग्रजीत, कारण ती आमच्या घरात इंग्रजीतच बोलते आणि जेवते तेवढी मराठी. मी म्हटलं, माझ्या फ्रिजवर मराठीशिवाय कागद लागणार नाही.

पहिली चिठ्ठी वॉर्म-अप. रुमानियनमध्ये इंकल्झीरे. अंग गरम करणं, असं तिने तळहात चोळून दाखवलं. मी खाली लिहिलं, अंग मोकळं करणं. तिने विचारलं, मोकळं म्हणजे? मी खांदे झटकून दाखवले. तिने मान डोलावली. रुमानियात थंडी, म्हणून अंग गरम करतात. आमच्याकडे आधीच उकडतं, म्हणून मोकळं करतो. असं आमचं दोघींचं भाषाशास्त्र.

कोच म्हणजे आंत्रेनोर. बाई असेल तर आंत्रेनोआरे. बिगिनर म्हणजे इंचेपतोर, आमचा नवशिका. अप्रेंटिस म्हणजे उचेनिक, आमचा शिकाऊ. स्किल म्हणजे इंदेमनारे. इथे मी हातोटी, हातखंडा आणि हाताला वळण असे तीन-तीन हात एकदम टाकले. वन्स मोअर म्हणजे इंका ओ दाता. हे ऐकून मी इतकी हसले की तिला वाटलं काही वाईट बोलून गेली. मग मी दोन्ही हात पसरून देवळाबाहेरच्या माणसासारखी "ओ दाता!" करून दाखवलं, आणि तेव्हापासून मी तालमीत कोणाला पुन्हा करायला लावलं की मागून तिचा आवाज यायचा: "ओ दाता!"

खरी जुंपली ती प्रॅक्टिस या शब्दावर. इंग्रजीत एकच चिठ्ठी. तिने खाली भराभर लिहिलं: एग्झेर्चीत्सिउ, आंत्रेनामेंत, प्राक्तिका, रेपेतीत्सिए. आणि माझ्याकडे बघितलं, जणू पत्त्यांच्या डावात चार राजे मांडलेत.

मी पेन घेतलं. सराव. तालीम. रियाज. मेहनत. उजळणी. गिरवणं. घोटणं. घोकणं.

"स्टॉप," ती म्हणाली.

"थांबते कशाला? गाणारा रियाज करतो, पहिलवान मेहनत करतो, मूल अक्षर गिरवतं, आणि नाटकवाले आणि पहिलवान दोघंही तालीम करतात. एकट्या प्रॅक्टिसने आमचं भागत नाही."

लेक सोफ्यावरून म्हणाली, "आई, यू आर सपोज्ड टू टीच हर इंग्लिश."

"शिकवतेच आहे. इंग्रजी किती गरीब आहे ते शिकवतेय."

"अँड शी इज स्टार्टिंग टू साउंड लाइक यू."

"मग? काय वाईट आहे?"

लेकीने छताकडे बघितलं. बाईने माझी बाजू घेतली: "ताई गुड. ताई, लाउड." मंडळातले सगळे मला ताई म्हणतात, तसं तीही म्हणायला लागली होती.

शब्द तिच्या अंगात भराभर शिरत होते. ब्रीद म्हटलं की तिची छाती भरायची, टक म्हटलं की हनुवटी आत जायची. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी नाटकवाली. माझ्या हातात कलाकार असला की मला संहिता सुचते.

म्हणून मी तिच्या तासाची संहिता लिहिली. पूर्ण. गुड मॉर्निंग, चॅम्पियन्सपासून सी यू नेक्स्ट वीकपर्यंत. कुठे हसायचं, कुठे टाळी वाजवायची, कुठे पालकांकडे वळून एक पॉज घ्यायचा. आमच्याकडे नाटक जसं बसवतात तसंच मी तिला बसवलं. आधी नुसतं वाचन, मग पाठांतर, मग हालचालींसकट उभी तालीम. आणि तिचं पाठांतर असं पक्कं झालं की आमच्या कलाकारांनी लाजावं. जिथे अडेल तिथे मी बाजूने ओळ पुरवायची आणि तिने ती उचलायची. विंगेतल्या प्रॉम्प्टरचा शब्द म्हणजे वेद, तो ऐकला की आधी म्हणायचा, विचार नंतर. ही सवय आम्हा हौशी लोकांच्या हाडात मुरलेली असते, आणि मी ती तिच्याही हाडात मुरवली.

तिच्या तासाच्या आदल्या शनिवारी रंगीत तालीम ठेवली. मुलांच्या भूमिकेत आमचं मंडळ. आयटीवाल्याने माझ्या लेकीचे दोन हेअरबँड लावून सहा वर्षांच्या मुलीचं काम केलं. अजमानहून येणारे आमचे चिपळूणचे फोरमन गुडघ्याच्या वर पँट दुमडून रांगेत उभे राहिले आणि दर दोन मिनिटांनी "मिस, मिस!" करू लागले.

"हू इज रेडी टू फ्लाय?" तिने संहितेप्रमाणे विचारलं.

"मी!" आयटीवाल्याने उडी मारली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छतावर ठोकलं.

"ब्यूटिफुल! नाउ नेक्स्ट!"

सगळं घड्याळासारखं झालं. फोरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, बाई पास. इन्शाल्ला वगैरे म्हणायचीसुद्धा गरज नाही."

मीसुद्धा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

*

क्लबच्या हॉलमध्ये पालक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. मालकीणबाई दाराशी, हाताची घडी घालून. मी पहिल्या रांगेत, कडेला. विंगेची जागा, आपसूक.

"गुड मॉर्निंग, चॅम्पियन्स!" ती म्हणाली, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकेक ओळ स्वच्छ. वॉर्म-अप झाला. मुलं हसत होती. तक्रार करणाऱ्यांतला एक बाप, कपाळावरच्या आठ्यांवरून मी त्याला लगेच ओळखलं होतं, त्याने फोन खिशात ठेवला. मग ती मॅटपाशी आली. आता मुलांनी एकेक करून कोलांटी उडी मारायची होती.

"हू इज रेडी टू फ्लाय?"

कोणी मी म्हणालं नाही. रांगेत सगळ्यात पुढे एक चष्मेवाली छोटी होती. ती मॅटकडे बघत राहिली. मग तिचा ओठ थरथरला.

"आय कान्ट. आय एम स्केअर्ड."

ही ओळ संहितेत नव्हती. आमच्या रंगीत तालमीत कोणीही घाबरलं नव्हतं, कारण आमची मंडळी स्टेजवर लाज आणि भीती दोन्ही घरी ठेवून येतात. माझी बाई तशीच उभी राहिली. हात अर्धवट वर, तोंड उघडं. आणि तिने माझ्याकडे बघितलं.

विंगेत आयुष्य काढलेल्या बाईकडे कलाकार असं बघतो तेव्हा तिच्या तोंडातून पुढची ओळ निघतेच. "ब्यूटिफुल!" मी दबक्या आवाजात म्हणाले. "नाउ नेक्स्ट!"

"ब्यूटिफुल!" ती मोठ्याने म्हणाली. "नाउ नेक्स्ट!"

छोटी रडायला लागली.

मागे खुर्च्या करकरल्या. त्या बापाने फोन पुन्हा बाहेर काढला. मालकीणबाईंनी हाताची घडी सोडली आणि एक पाऊल पुढे टाकलं. मला काय करावं सुचेना, म्हणून मी, देवा, आणखी पुढची ओळ देऊ का असा विचार करत होते.

माझी बाई सरळ माझ्याकडे चालत आली. मला वाटलं ओळ मागणार. तिने माझा हात धरला.

"ताई. यू. कम."

"कुठे?"

"कम!"

आणि मला, पन्नाशीला टेकलेल्या, कुर्ता-सलवार घातलेल्या, नुकताच भरपेट नाश्ता केलेल्या बाईला तिने मॅटसमोर आणून उभं केलं. मग ती छोटीसमोर गुडघ्यांवर बसली, तिच्या डोळ्यांना डोळे मिळवून.

"दिस, माय फ्रेंड. बिगिनर. बिग बिगिनर." छोटीने नाक ओढलं. "शी इज ऑल्सो स्केअर्ड. लुक."

मी अभिनय करायचा विचार केला. गरज पडली नाही. मी दोन्ही हातांनी दुपट्टा घट्ट धरून ठेवला होता.

"यू स्केअर्ड, ताई?"

"व्हेरी," मी म्हणाले.

छोटी माझ्याकडे बघू लागली. बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. आता तिच्या तोंडातून माझी एकही ओळ येत नव्हती. फक्त शब्द. चिठ्ठ्यांवरचे सुटे सुटे शब्द, आणि प्रत्येक शब्दाबरोबर तिचं अंग.

"ब्रीद. स्मॉल, लाइक एग. चिन, इन. नाउ पुश."

मी ढकललं. पृथ्वी उलटी झाली, माझा दुपट्टा कुठे गेला मला कळलं नाही, आणि मी सरळ न जाता बाजूला गडगडले, बटाट्याचं पोतं टेम्पोवरून पडावं तशी. हॉलमध्ये हशा पिकला. आयुष्यभर हशे मिळवलेत मी, पण असा खणखणीत हशा क्वचितच.

"मिस्टेक," बाई सगळ्यांना म्हणाली, शांतपणे. "गुड. नाउ वी नो. चिन वॉज आउट. ताई, ओ दाता!"

मुलांना ते काय आहे ते कळायची गरज नव्हती. ती सगळी तिच्यामागून ओरडली: "ओ दाता!"

मी पुन्हा मॅटपाशी वाकले. आणि माझ्या कानाशी एक बारीक आवाज आला. चष्मेवाली छोटी.

"यू हॅव टू टक युअर चिन," ती म्हणाली. "लाइक यू आर होल्डिंग अ चॉकलेट."

"यू शो हर," बाई तिला म्हणाली. "टुडे, यू आर कोच."

छोटीने चष्मा काढून माझ्या हातात दिला. हनुवटीखाली अदृश्य चॉकलेट धरलं. आणि गेली गोल, अगदी सरळ, थेट पायांवर उभी. वर आली तेव्हा गाल अजून ओले होते आणि दात सगळे दिसत होते.

त्यानंतरचा तास मी जमिनीवरूनच बघितला, कारण उठवत नव्हतं. माझी बाई एकेका मुलाशी तिच्या तुटक इंग्रजीत बोलत होती, आणि तिचं बोलणं न कळणारा माणूस त्या हॉलमध्ये एकही नव्हता. माझी संहिता कुठल्या कुठे उडाली होती. मी लिहिलेला पॉज कोणी घेतला नाही. पालकांकडे वळून हसायचं होतं तेही ती विसरली. आणि मला, जिला नटाने एक शब्द बदलला तरी पित्त खवळतं, मला इतका अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवावा समजेना. ती माझी विद्यार्थिनी होती! मी ते आजूबाजूच्या दोन-तीन आयांना सांगितलंसुद्धा, मॅटवर पडल्या पडल्या.

तास संपल्यावर मालकीणबाईंनी सरळ पालकांनाच विचारलं, "वेल? कळलं का?"

तो कपाळवाला बाप उठला. "सुरुवातीचं भाषण नाही कळलं," तो म्हणाला. "ते फार पाठ केल्यासारखं होतं. पण जेव्हा ती त्या मोठ्या बाईंना शिकवायला लागली, तेव्हापासून सगळं कळलं. माझी मुलगी तर कोच झाली."

ती छोटी त्याचीच होती. मोठी बाई म्हणजे मी, आणि ते भाषणही माझंच. तरी मी उठून, कंबर धरून, त्या टाळ्यांना वाकून नमस्कार केला. टाळ्या तिच्यासाठी होत्या हे मला माहीत होतं. पण वाजणाऱ्या टाळ्यांपुढे मला उभं राहता येत नाही, वाकावंच लागतं.

चार दिवसांनी ती आमच्या दारात आली. मी मानेला पट्टा बांधून बसले होते आणि लेक मला "बिग बिगिनर" म्हणून हाक मारत होती. बाईच्या हातात क्लबचा नवा करार होता. हेड कोच. तिने तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

प्रोबेशन. पहिले काही महिने.

हा शब्द आमच्या फ्रिजवर नव्हता. मी पुढे वाकले, घसा साफ केला, उमेदवारी, चाचणीचा काळ, रुमानियनमध्ये कसं सांगावं, पेन कुठे गेलं... आणि तेवढ्यात तिने हात वर करून मला थांबवलं. थोडा विचार केला. एक एक शब्द स्वतः निवडत, कोणीही न पुरवता, ती म्हणाली:

"इट मीन्स दे विल वॉच मी." पाठ आणखी ताठ झाली. "गुड, ताई. लेट देम वॉच."